देवघेवची सातवी सही

मला फक्त दुपारची झोप हवी होती. मोठ्या उलथापालथींच्या मुळाशी कुणाची तरी महत्त्वाकांक्षा असते, असं म्हणतात. या प्रकरणाच्या मुळाशी माझी उशी होती.

जेवण उरकून, ओटा पुसून मी अडीचला आडवी होते आणि दोन वाजून बत्तीस मिनिटांनी फोन वाजतो. पलीकडे कुठलं तरी वाचनालय असतं. "काकू, पुस्तक परत घेतलं की तारीख पुढच्या वर्षाची पडतेय!" मी गंभीर आवाजात सांगते, "मशीन बंद करा, पेलाभर पाणी प्या, मग चालू करा." पाणी कुणी प्यायचं ते मी सांगत नाही. निम्म्या तक्रारी एवढ्यावर मिटतात. उरलेल्या वहीत उतरवून मी आमच्या दंतवैद्यांकडे पाठवते. दंतवैद्यच का, ते पुढे येईल.

हे फोन मला येतात, कारण ‘देवघेव’ आमच्या घरात जन्मली. वाचनालयातली पुस्तकं कोण घेऊन गेलं, कधी आणून देणार, याची नोंद ठेवणारा हा प्रोग्रॅम आमच्या ह्यांनी लिहिला. हे टेलिफोन खात्यात होते. संध्याकाळी घरी आले की माझ्या शिलाई मशीनच्या टेबलावर संगणक मांडून दोन बोटांनी टाइप करत बसायचे. माझी अर्धवट शिवलेली उशीची खोळ त्या काळात चार वर्षं अर्धवटच होती. शेजारी खुर्ची ओढून बसायचे ह्यांचे जिवलग मित्र, चौथ्या मजल्यावरचे गणिताचे सर. एकानं ओळ लिहायची, दुसऱ्यानं ती खोडायची आणि मी चहा ठेवायचा, अशी कामाची वाटणी होती.

देवघेव मुक्त होती. म्हणजे कुणीही घ्यावी, आत उघडून पाहावी, हवी तशी बदलावी, दुसऱ्याला द्यावी. अट एकच, परवान्यातलं चौथं कलम: आपल्याला जशी उघडी मिळाली तशीच पुढच्याला उघडी द्यायची. सर हे कलम इतक्यांदा उच्चारायचे की इमारतीत त्यांचं नावच ‘कलम चार’ पडलं.

आतल्या ओळी मला समजत नाहीत. पण ह्यांनी एकदा दाखवलं होतं की काही ओळींच्या सुरुवातीला चांदणी असते. "या टिपा. मशीन या वगळून पुढे जातं. या फक्त माणसांसाठी." एका टिपेत लिहिलं होतं, ‘इथे हात लावू नका. मीही लावत नाही.’ मला वाटलं, एवढं आपल्या कपाटावर लिहिता आलं असतं तर!

मग अकरा वर्षांपूर्वी भांडण झालं. पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायची लेबलं छापायला एका कंपनीनं आमच्या इथल्या वाचनालयाला प्रिंटर भेट दिला आणि त्याच्यासोबत प्रोग्रॅमचा एक झाकलेला तुकडा. तो वापरायचा, पण उघडून पाहायचा नाही. ह्यांनी तो देवघेवच्या एकोणीस नंबरच्या फाईलमध्ये बसवला. सर म्हणाले, "ज्याच्या आत बघता येत नाही, ते आपल्या घरात नको." हे म्हणाले, "अरे, नुसती लेबलं आहेत ती." सर म्हणाले, "आज लेबलं. उद्या?" आणि अर्धा कप चहा तसाच टाकून उठले. तत्त्वासाठी माणसं काय काय सोडतात याची मला कल्पना आहे, पण चहा माझा होता. तो अपमान मी अजून विसरलेले नाही.

त्यानंतर दोघं जिन्यात भेटले की भिंतीवरचे विजेचे मीटर वाचायला लागायचे. इतक्या बारकाईनं मीटर वाचणारी दोन माणसं वीज मंडळातही नसतील. सहा वर्षांपूर्वी हे गेले. सर आले, दाराशी सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि न बोलता निघून गेले. पुढच्या महिन्यात वाचनालयांच्या ग्रुपवर त्यांचं पत्र आलं: ‘देवघेव आता कुणाच्या हाती?’ तो हात माझा होता. संधिवातानं सुजलेला होता, पण होता.

असो. मी आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. त्रेसष्ट वाचनालयं देवघेव वापरतात. झोपेचं मी हसत सांगते, पण खरी काळजी वेगळीच होती. मी गेल्यावर त्या दोन वाजून बत्तीसच्या फोनला ‘पाणी प्या’ कोण म्हणणार? ह्यांचं एवढं एकच काम अजून चालतं आहे. घड्याळ बंद पडलं, स्कूटर विकली. देवघेव चालते.

अशात कंपनीवाली मुलगी आली. ही प्रिंटरवाल्यांशी संबंध नसलेली वेगळी, मोठी कंपनी. मुलगी तिशीची, केस घट्ट बांधलेले, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवणारी. मला चपलांवरून माणूस कळतो, असा माझा समज आहे.

"आजी, देवघेव आम्ही सांभाळू," ती म्हणाली. "फोन आमच्याकडे येतील. दहा माणसं नेमू. वाचनालयाला नवे संगणक देऊ."

"आणि दुपारचे फोन?"

"तेही आमच्याकडेच."

मी तिला दुसऱ्यांदा चहा विचारला.

फक्त परवाना बदलायचा होता. चौथं कलम जाऊन त्या जागी कंपनीचं कलम येणार होतं. त्यासाठी ज्यांनी ज्यांनी देवघेवमध्ये भर घातली त्या सगळ्यांच्या सह्या लागणार होत्या. अशी सात नावं निघाली. मी म्हटलं, सात सह्या म्हणजे काय, एका आठवड्याचं काम.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, कर सही आणि झोप." समोरच्या शेजारणीनं सल्ला दिला की सही करताना निळी शाई वापरा, काळी वापरली की फसवणूक होते. तिच्या आत्तेबहिणीनं काळी वापरली होती.

पहिली सही दंतवैद्यांची. पेशंट गुळण्या करत असताना ते देवघेवच्या तारखा दुरुस्त करतात. म्हणून तक्रारी त्यांच्याकडे जातात. त्यांनी एका हातात चिमटा धरून दुसऱ्या हातानं सही केली आणि माझं तोंड उघडून बघितलं. सही मिळाली, त्याबरोबर दाढ काढायची तारीखही मिळाली. शिवणाच्या बाईंनी सही केली, पण आधी माझ्या ब्लाउजच्या बाहीवर पंधरा मिनिटं बोलल्या. दूरदेशी राहणाऱ्या दोघा भावांनी मेलवर होकार पाठवला. एकानं लिहिलं, ‘आम्ही यात काय केलं होतं?’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘मलाही आठवत नाही, पण काकू म्हणतात तर केलं असेल.’

पाचवं नाव ह्यांचं. ह्यांच्या वतीनं सही करायला मला वारस दाखला लागणार होता. कचेरीतल्या खिडकीपलीकडचे कारकून चष्मा कपाळावर ठेवून अर्ज बघत होते.

"मालमत्तेचं वर्णन?"

"प्रोग्रॅम."

"स्थावर की जंगम?"

मी विचार केला. "त्रेसष्ट ठिकाणी आहे."

"म्हणजे स्थावर. क्षेत्रफळ?"

"अहो, ती जागा नाही. संगणकात असतं ते."

"मग संगणकाचं क्षेत्रफळ लिहा. किंमत?"

"फुकट आहे."

कारकुनांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "बाई, फुकट वस्तूला वारस लागत नाही. ज्याला हवी त्यानं घ्यावी."

"हो, पण आता ती तशी राहणार नाहीये. म्हणून दाखला हवाय."

"म्हणजे सगळ्यांचं आहे ते सगळ्यांचं राहू नये, म्हणून तुम्ही वारस होणार?"

कचेरीत एवढा सरळ प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. अर्ज अपुरा म्हणून परत आला. मी घरी येऊन तो देवघरात न ठेवता डाळीच्या डब्याखाली ठेवला, म्हणजे दिसत राहील आणि वाचावा लागणार नाही.

सहावं नाव बघून मी चष्मा पुसला. ते माझं होतं. मी काही लिहिलेलं नव्हतं. कंपनीवाल्या मुलीनं नोंद शोधून काढली. फार वर्षांपूर्वी देवघेव बिघडली की पडद्यावर लाल अक्षरांत ‘चूक!’ असं यायचं. मी चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाले होते, "माणसावर असं काय ओरडायचं? ‘पुन्हा एकदा पाहा’ म्हणावं." ह्यांनी ते तसं बदललं आणि भर घालणाऱ्यांच्या यादीत माझं नाव टाकलं. मला सांगितलं नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझं ऐकल्याचा हा एकमेव लेखी पुरावा आणि तो मला ह्यांच्या मागे मिळाला.

माझी सही मी राखून ठेवली. शेवटी करू म्हटलं. निळं पेन सापडत नव्हतं, हेही एक कारण.

इकडे बातमी चौथ्या मजल्यावर पोचली आणि कलम चार यांचं पत्र त्रेसष्ट वाचनालयांना गेलं. अकरा मुद्दे होते. पहिल्या मुद्द्यात मला ‘सद्य सांभाळकर्त्या’ म्हटलं होतं. या माणसानं माझ्या हातचा किमान चार हजार कप चहा प्यायला आहे. नवव्या मुद्द्यात कंपनीच्या कराराच्या चौदाव्या पानावरचं एक वाक्य होतं: सेवा सुधारण्यासाठी वाचकांच्या वाचनसवयींची माहिती कंपनीकडे जाईल.

मी ते पान वाचलं नव्हतं. मला वाटलं, कुणाला काय करायचंय आमच्या वाचनाशी? पण कुणी तरी ते पत्र आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर लावलं. तिथे संध्याकाळी पुस्तकं द्यायला मीच बसते; त्या दिवशी माझ्या टेबलाशी रांग लागली. पहिले आले औषधांच्या दुकानाचे मालक. ते गेली नऊ वर्षं पत्नीच्या नावावर प्रेमकथा नेतात आणि पत्नीला वाचायला वेळ नसतो.

"सगळं जाणार?" ते कुजबुजले. "मागचंही?"

त्यांच्या मागे निवृत्त फौजदार. मिशा तशाच, आवाज मात्र पडलेला. फौजदार पऱ्यांच्या गोष्टी वाचतात, एकामागून एक, चित्रांच्या. हे फक्त मला आणि देवघेवला ठाऊक. "बाई, नातवासाठी असं लिहिता येईल का?" त्यांनी विचारलं. त्यांना नातू नाही. सगळ्यांत शेवटी आली तळमजल्यावरची एक सून. तिनं नुसतं बघितलं. त्या महिन्यात तिनं नेलेली तिन्ही पुस्तकं कायद्याच्या कपाटातली होती आणि ती मी तिला वर्तमानपत्रात गुंडाळून दिली होती.

त्या बघण्यानं माझी दुपारची उरलीसुरली झोपही गेली.

तरी माझा स्वाभिमान असा की चूक कळल्यावर आधी समोरच्याशी भांडून घ्यावं. मी सातवी सही मागायला चौथा मजला चढले. दर मजल्यावर थांबून दम खाल्ला आणि मीटर वाचले.

सरांनी दार उघडलं. अकरा वर्षांत प्रथमच मी त्यांना इतक्या जवळून पाहत होते. माणूस वाळला होता. घरात पुस्तकं, संगणक आणि एकच खुर्ची.

"वहिनी," ते म्हणाले. मग खुर्ची मला दिली आणि स्वतः उभे राहिले, वर्गात राहावं तसे.

"भावजी, अकरा मुद्दे लिहिलेत. एक बारावा लिहायचा होता. की मी गेल्यावर हे कोण बघणार?"

"म्हणून काय कुणालाही विकायचं?"

"विकत नाहीये. झोपायचंय मला!"

"त्यानंही असंच केलं होतं. सोय बघितली." त्यांचा आवाज चढला. "एकोणीस नंबर! तिथून सगळं सुरू झालं!"

"काय एवढं आहे हो त्या एकोणीस नंबरात?"

"मला काय ठाऊक? मी ती फाईल उघडतच नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत उघडलेली नाही. शपथ आहे माझी."

मी बघतच राहिले. आयुष्यभर हा माणूस ‘आत उघडून पाहता आलं पाहिजे’ म्हणून जगाशी भांडला आणि जी फाईल उघडी होती तीच यानं उघडली नाही. मी तसं म्हटलंही. सही न घेता मी चार मजले उतरले.

दोन दिवसांनी कंपनीवाली मुलगी आली. या वेळी चपला जरा वाकड्या काढल्या होत्या.

"आजी, आमच्याकडे नियम आहे, घेण्याआधी आतली साफसफाई करतात. टिपा काढून टाकतात. दोनशे चौदा होत्या. मशीनला त्यांची गरज नसते."

"मग काढा की."

"काढल्या. काढायच्या आधी सगळ्या वाचल्या." तिनं पिशवीतून एक कागद काढला. "एक मात्र तुम्हाला विचारल्याशिवाय काढवेना. एकोणीस नंबरच्या फाईलमध्ये आहे."

तिनं कागद पुढे केला. मी चष्मा शोधायला लागले. तो माझ्या नाकावरच होता. तारीख भांडणानंतर आठ दिवसांची.

‘*हा झाकलेला तुकडा बसवला ही माझी चूक. तो म्हणत होता ते बरोबर होतं. लेबलं चिकटवून झाली, आता काय करणार. वर जाऊन सांगायला धीर होत नाही. पण तो प्रत्येक ओळ वाचतो. हीही वाचेल. मग येईलच चहाला.’

खाली दोन छोट्या ओळी होत्या. एक वर्षभरानंतरची: ‘*अजून वाचलेलं दिसत नाही.’ आणि एक ह्यांच्या शेवटच्या आजारपणातली: ‘*वाचेल.’

मला आठवलं, त्या वर्षांत संध्याकाळी चहा ठेवताना हे म्हणायचे, "अर्धा कप जास्त टाक गं." मला वाटायचं, ह्यांनाच हवा असतो.

मुलगी मान खाली घालून बसली होती. कंपनीच्या माणसानं ओळन्‌ओळ वाचली आणि आम्ही, उघडेपणाचे पुरस्कर्ते, अकरा वर्षं मीटर वाचत राहिलो.

"बाळा," मी म्हटलं, "मी सही करत नाही. देवघेव घेऊन जा, सगळ्यांना आहे तशी तुम्हालाही आहे. पण चौथ्या कलमासकट. आणि आमची माणसं काय वाचतात ते आमच्याकडेच राहील."

"साहेब तयार होणार नाहीत," ती म्हणाली. मग चपला घालता घालता वळून म्हणाली, "मी तयार आहे."

मी कागद घेऊन पुन्हा चार मजले चढले. या वेळी मध्ये कुठे थांबले नाही. सरांनी उभ्या उभ्या वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्या एकुलत्या एक खुर्चीवर बसले आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"हे इथेच होतं?" त्यांनी विचारलं.

"अकरा वर्षं. त्रेसष्ट वाचनालयांत."

त्यांनी ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "‘चिकटवून’ बरोबर लिहिलंय. नेहमी चुकायचा." आणि चष्मा काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी अडीचला ते खाली आले, स्वतःची खुर्ची घेऊन. तेव्हापासून रोज येतात. झाकलेला तुकडा काढून त्या जागी स्वतःचा लिहायला त्यांना पाच आठवडे लागले. लेबलं उलटी छापली जाऊ लागली. ते म्हणाले, उलटी आहेत पण उघडी आहेत. कंपनीनं प्रकरण बंद केल्याचं पत्र पाठवलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी त्या मुलीनं स्वतःच्या घरच्या पत्त्यावरून लेबलांची दुरुस्ती पाठवली. सरांनी त्या दुरुस्तीत नऊ चुका काढल्या आणि यादीत आठवं नाव घातलं. फोनही तेच घेतात. पलीकडच्याला परवान्याचा इतिहास सांगतात, इतक्या मोठ्यानं की माझी झोप होती त्याहूनही कमी झाली आहे.

ह्यांच्या टिपेखाली सरांनी एक ओळ घातली: ‘*वाचलं. उशीर झाला. चूक माझीही.’ मग खुर्ची मागे घेऊन म्हणाले, "वहिनी, तुम्हीही काही लिहा."

मी नाही नाही म्हणत दोन बोटांनी एक ओळ लिहिली. नवी आवृत्ती सगळ्यांकडे आपोआप जाते, तशी तीही गेली. आणि त्या दुपारी दोन वाजून बत्तीस मिनिटांनी फोन वाजला. तो ठेवते तोच दुसरा. मग माझा मोबाइल. मग सरांचा. चांदणी टाकायची मी विसरले होते. माझी टीप मशीननं आज्ञा समजून घेतली आणि त्रेसष्ट वाचनालयं जागच्या जागी थांबली. सगळ्यांच्या पडद्यावर एकच मजकूर होता:

‘पुन्हा एकदा पाहा: चहा ठेवला आहे. दोघांचा.’

सर एका कानाला एक फोन, दुसऱ्याला दुसरा लावून ओरडत होते, "एकोणीस नंबर उघडा! उघडून बघा! शेवटच्या ओळीआधी चांदणी टाका!" मग त्रेसष्ट ठिकाणी त्रेसष्ट माणसांनी ती फाईल उघडली. आणि उघडली म्हणजे वरच्या ओळीही दिसल्याच.

माझ्या फोनवर दूरच्या एका वाचनालयातल्या बाई होत्या. कधी न भेटलेल्या. चांदणी टाकून झाली तरी त्या फोन ठेवेनात.

"काकू," त्यांनी हळूच विचारलं, "मग ते आले का हो चहाला?"

मी बाहेरच्या खोलीत पाहिलं. सर कुणाला तरी चौथं कलम समजावत होते आणि दुसऱ्या हातानं कप शोधत होते.

"आले," मी म्हटलं. "पूर्ण कप पितात आता."